शेवाळ, काच आणि कात्री : पाण्यातल्या बागेचा इतिहास

१/
आजचा धागा पाण्याखालच्या वनस्पतींविषयी आहे. नांदेड किंवा लातूरच्या फिश टँकच्या दुकानातून हायड्रिलाची एक जुडी आणावी, काचेच्या टाकीत लावावी. प्रकाश बरा असेल तर महिन्याभरात ती टाकी व्यापून टाकते. मग तीन प्रश्न उभे राहतात. कापायचे कुठून? कापायचे किती? आणि कापलेल्याचे करायचे काय? हे प्रश्न छंदाचे वाटतात. पण त्यांची उत्तरे शोधू लागलो की राष्ट्रकूटांचे तळे, लंडनमधली एक रसायनशाळा, २०१६ चे लातूर आणि आजची गोदावरी हे सारे एका सूत्रात येते.

२/
प्रथम शब्दाचा गुंता सोडवू. आपल्याकडे पाण्यात जे जे हिरवे दिसते त्याला सरसकट ‘शेवाळ’ म्हणतात. वनस्पतिशास्त्रात शेवाळ म्हणजे मूळ, खोड, पान असा भेद नसलेली साधी वनस्पती. हायड्रिला आणि वॅलिसनेरिया यांना मात्र मुळे असतात, खोड असते, पाने असतात, फुलेही येतात. इतकेच नाही, तर टाकीत ही दोन्ही एकमेकांची प्रतिस्पर्धी आहेत. प्रकाश तोच, पाण्यातले क्षारही तेच. सपुष्प वनस्पती जोमाने वाढत असतील तर शेवाळाला वाव कमी मिळतो. त्या खंगल्या की काचेवर हिरवा थर चढतो. म्हणून ‘टाकीतले शेवाळ काढा’ हे वाक्य अपुरे आहे. कोणते हिरवे काढायचे आणि कोणते राखायचे, हे आधी ठरवावे लागते.

३/
आता आपल्या प्रदेशाकडे वळू. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’, म्हणजे लत्तलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी म्हणवीत. हे लत्तलूर म्हणजे आजचे लातूर, असे अभ्यासक मानतात. याच राष्ट्रकूटांच्या काळात नांदेड जिल्ह्यातील कंधार हे महत्त्वाचे नगर होते. तेथील राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळच्या शिलालेखात ‘जगत्तुंगसमुद्र’ नावाच्या जलाशयाचा उल्लेख येतो. जगत्तुंग हे तिसऱ्या गोविंदाचे बिरुद. माणसाने बांधलेल्या तळ्याला ‘समुद्र’ म्हणण्यात राजाचा अभिमान आहेच. पण अवर्षणाच्या टापूत साठवलेल्या पाण्याची किंमत काय असते, हेही त्या नावातून कळते. कंधारचे ते तळे आजही आहे.

४/
तळे बांधणे हे एकदाचे काम. ते राखणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे. दख्खनच्या पठारावर पावसाबरोबर काळी माती वाहून येते आणि तळ्याच्या बुडाशी बसते. गाळ साचला की खोली कमी होते. खोली कमी झाली की सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो. प्रकाश पोहोचला की पाणवनस्पती मुळे धरतात. त्या मेल्या की त्यांचाच पुन्हा गाळ होतो. हे चक्र तोडायला कोणीतरी दरवर्षी हात घालावा लागतो. मध्ययुगीन कन्नड शिलालेखांत तळ्यांच्या बांधणी-दुरुस्तीसाठी दिलेल्या जमिनीला ‘बित्तुवट’ अशी स्वतंत्र संज्ञाच आढळते. याचा अर्थ एवढाच की, देखभाल ही कोणाच्या तरी मर्जीवर सोडलेली नव्हती. तिच्यासाठी उत्पन्नाची तरतूद केलेली होती.

५/
हाच विचार आपल्या काळात वेगळ्या नावाने परतला. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली. तलावातला गाळ शेतकऱ्यांनी नेऊन शेतात टाकायचा : तलावाची खोली वाढते, शेताला सुपीक माती मिळते. एका ठिकाणी जे साचून घातक होते, ते दुसऱ्या ठिकाणी पोषक ठरते. हे तत्त्व ध्यानात ठेवा. काचेच्या टाकीत आपण पुन्हा याच ठिकाणी येणार आहोत.

६/
राष्ट्रकूटांनंतर कल्याणीचे चालुक्य. त्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या शेजारी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ज्ञानकोश सिद्ध केला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांचे ३५ च्या आसपास प्रकार, त्यांची वसतिस्थाने, त्यांना लागणारे आमिष, गळ टाकण्याची रीत असा तपशील तेथे आहे. विसाव्या शतकात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाचा शास्त्रीय अंगाने अभ्यास केला. पाण्यातल्या जिवांकडे बारकाईने पाहण्याची सवय आपल्या प्रदेशाला किती जुनी आहे, याचा हा पुरावा.

७/
पण सोमेश्वराला एक गोष्ट शक्य नव्हती. तो मासा आणि पाणवनस्पती फक्त वरून पाहू शकत होता. तळ्याच्या काठावरून पाणी हा एक पृष्ठभाग असतो. वर कमळे दिसतात, खालचे जग अंधुक राहते. ते जग बाजूने, डोळ्याच्या पातळीवर पाहायचे तर पारदर्शक भिंत हवी. ती भिंत पुढे युरोपात आली. पण केवळ काच येऊन भागणार नव्हते. काचेच्या भांड्यात ठेवलेला मासा थोड्या दिवसांत गुदमरतो. त्याला जिवंत कसे ठेवायचे, हा प्रश्न रसायनशास्त्राने सोडवला.

८/
१७७१ मध्ये जोसेफ प्रिस्टलीने मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची फांदी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. वनस्पती हवा ‘सुधारते’, हे दिसले. १७७९ मध्ये यान इंगेनहाऊझने पाण्यात बुडवलेल्या पानांवर बुडबुडे पाहिले आणि दाखवून दिले की ही क्रिया प्रकाशातच होते, आणि वनस्पतीच्या हिरव्या भागांतच होते. शाळेच्या प्रयोगशाळेत चंचुपात्रात हायड्रिला, त्यावर उलटे नरसाळे, नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी, आणि मग उन्हात बसून बुडबुडे मोजणे : तुम्ही-आम्ही केलेला तो प्रयोग थेट या वंशावळीतला आहे.

९/
या ज्ञानाला टाकीचे रूप दिले रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने. त्याने सुमारे १२ गॅलन पाण्याच्या काचपात्रात दोन सोनमासे सोडले आणि तळाच्या वाळूत वॅलिसनेरियाचे रोप लावले. अपेक्षा अशी की, मासा सोडील तो वायू वनस्पती घेईल आणि वनस्पती सोडील तो मासा घेईल. आरंभी सारे ठीक चालले. पण वॅलिसनेरियाची जुनी पाने पिवळी पडली, कुजली. पाणी गढूळ झाले. काचेवर शेवाळ चढले. समतोल बिघडला तो वनस्पती कमी पडल्यामुळे नाही. मेलेले पान बाहेर कोणी काढत नव्हते, म्हणून बिघडला.

१०/
वॉरिंग्टनने उपाय शोधला तो तळ्यातूनच. त्याने पात्रात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ फस्त केले, पाणी नितळ झाले. त्यांच्या अंड्यांवर माशांनाही खाद्य मिळाले. १८५० मध्ये त्याने हे निरीक्षण केमिकल सोसायटीपुढे मांडले. मत्स्यटाकीच्या इतिहासात हा निबंध पायाचा मानला जातो. त्यातला मुख्य धडा सहसा ‘मासा आणि वनस्पती यांचा समतोल’ असा सांगितला जातो. मला तो अपुरा वाटतो. वॉरिंग्टनच्या पात्रात तिसरा घटक आला तेव्हाच समतोल साधला, आणि तो घटक म्हणजे जुने पान कापून नेणारा. काचेच्या टाकीतली पहिली छाटणी गोगलगायीने केली.

११/
त्यानंतर मत्स्यटाकीचे वेडच पसरले. ब्रिटनमधला काचेवरचा कर १८४५ मध्ये रद्द झाला होता, त्यामुळे काच स्वस्त होत होती. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्क प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाऊस’ लोकांसाठी खुले झाले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि हा शब्द घरोघरी पोहोचला. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले ते पुढे १९५१ मध्ये. वरून पाहण्याची कित्येक शतकांची सवय मोडून माणूस पाण्याकडे बाजूने पाहू लागला.

१२/
येथे एक कौटुंबिक योगायोग सांगण्याजोगा आहे. वॉरिंग्टनला ठाऊक नव्हते की माशांच्या विष्ठेतला अमोनिया पाण्यात टप्प्याटप्प्याने नायट्रेट बनतो. हे काम सूक्ष्मजीव करतात, असे १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युन्त्स यांनी फ्रान्समध्ये दाखवले. आणि त्यानंतर इंग्लंडमधील रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात या नायट्रीकरणाचा दीर्घ अभ्यास ज्याने केला, त्याचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टन : आपल्या वॉरिंग्टनचा मुलगा. बापाने टाकी जमवली. टाकीत जे न दिसता घडते, ते मुलाने शेतातल्या मातीत शोधले.

१३/
मग आपल्या तळ्यांतल्या वनस्पतींची नोंद कोणी घेतली? हायड्रिलाचे शास्त्रीय वर्णन प्रथम धाकट्या लिनियसने अठराव्या शतकाच्या अखेरीस वेगळ्या नावाने केले. आजचे नाव १८३९ मध्ये जॉन फोर्ब्स रॉयल याने रूढ केले. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ थिओडोर कुक याने १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. पण तो ग्रंथ इलाख्याचा. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. राजकीय सीमारेषा वनस्पतीला कळत नाही, पण वनस्पतीच्या नोंदीला ती नक्की आड येते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ती रेषा पुसली गेली; तरी मराठवाड्याच्या वनस्पतींचा व्यापक ग्रंथ व्ही. एन. नाईक यांच्या हातून प्रसिद्ध व्हायला १९९८ उजाडले.

१४/
आता पहिला प्रश्न : कापायचे कुठून? याचे उत्तर लातूरच्या कोणत्याही तूर उत्पादकाला माहीत आहे. तुरीचे पीक ठरावीक उंचीचे झाले की शेंडे खुडतात. कारण खोडाच्या टोकाशी तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा गेला की ते दडपण उठते, बाजूच्या फांद्या फुटतात, झाड डेरेदार होते. १९३० च्या दशकात थीमन आणि स्कूग यांनी हे ऑक्झिनचे काम प्रयोगाने दाखवले. टाकीतल्या हायड्रिला, लुडविगिया, रोटाला, बाकोपा अशा खोडाच्या वनस्पतींना हाच नियम लागू पडतो. (पाणथळ जागी वाढणारी आपली ब्राह्मी म्हणजे बाकोपाच.)

१५/
पद्धत अशी. खोडावर जेथे पाने फुटतात तो पेर नीट पाहा. धारदार, स्वच्छ कात्रीने पेराच्या किंचित वर काप घ्या. वरचा शेंडा खालची पाने काढून वाळूत दोन बोटे खोल खोवा. तो मुळे धरतो. बुडखा तसाच ठेवा. त्याला दोन-तीन फांद्या फुटतात. अशी दोन-तीनदा छाटणी केली की एका खोडाचे झुडूप होते. बुडखा फारच काळवंडला, खालची पाने झडली, तर तो उपटून टाका आणि शेंडेच पुन्हा लावा. कात्री बोथट असेल तर खोड चेंगरते आणि चेंगरलेली जागा कुजते.

१६/
वॅलिसनेरियाला मात्र हा नियम लावू नका. तिला उभे खोड नाही. लांब पट्टीसारखी पाने थेट बुडातून निघतात. पान मधोमध कापले तर कापलेली कड तपकिरी पडून कुजू शकते. म्हणून बाहेरचे, जुने, पिवळे पान बुडापासून काढावे. ती वाळूखालून धावते फुटवे सोडते आणि प्रत्येक फुटव्याच्या टोकाला नवे रोप येते. गर्दी झाली की धावता दोर कापून पिल्लू वेगळे करावे. तिचे परागीभवनही पाहण्यासारखे. बारीक नरफुले तळाशी देठापासून सुटून पृष्ठभागावर तरंगत येतात आणि मादीफुलापाशी पोहोचतात. परागण झाले की मादीफुलाचा लांब देठ स्प्रिंगसारखा वळतो आणि फळ पुन्हा पाण्याखाली ओढून नेतो.

१७/
तिसरा गट अनुबियास आणि जावा फर्न यांचा. यांचे आडवे जाड खोड दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचे. वाळूत पुरले तर ते सडते. यांची वाढ मंद, म्हणून छाटणीही क्वचित. जुने पान देठाच्या मुळाशी कापले की पुरे. खोडाचे तुकडे करताना प्रत्येक तुकड्याला तीन-चार पाने राहतील असे पाहावे.

१८/
दुसरा प्रश्न : कापायचे किती? एका वेळी साधारण एक तृतीयांशाहून अधिक हिरवळ काढू नये, असा अनुभवी लोकांचा शिरस्ता आहे. कारण आता उघड आहे. वनस्पती पाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट शोषते. सगळी हिरवळ एकदम गेली की ते क्षार पाण्यात उरतात, प्रकाश मोकळा होतो, आणि वाट पाहत असलेले शेवाळ ती जागा घेते. उलट मुळीच कापले नाही तर वरच्या पानांची सावली खालच्यांना मारते आणि वॉरिंग्टनच्या पात्रात झाले तसे पाणी नासते.

१९/
आपल्या भागात यात दोन गोष्टींची भर पडते. आपली भूमी बेसॉल्टची. बोअरचे पाणी बहुधा जड, क्षारांचे. मऊ पाण्याच्या नाजूक वनस्पतींना ते मानवत नाही. हायड्रिला आणि वॅलिसनेरिया यांना मात्र पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेता येतो, म्हणून त्या अशा पाण्यात तग धरतात. दुसरी गोष्ट उन्हाळा. नांदेडचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो तेव्हा टाकीतले पाणीही तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. कुजके पान कुजतानाही प्राणवायूच खाते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पिवळे पान दिसले त्या दिवशीच काढावे, दिवा दुपारी न लावता सकाळ-संध्याकाळ लावावा आणि टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये.

२०/
आता लातूर. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाणी वाटपाच्या ठिकाणी भांडणे टाळण्यासाठी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली : १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. पुढे ५० वाघिणींच्या गाड्या आल्या, प्रत्येकीत सुमारे २५ लाख लिटर. राष्ट्रकूट ज्या नगराचे स्वामी म्हणून मिरवत, त्या नगराला सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून पाणी आणावे लागले.

२१/
अशा शहरात शोभेची टाकी ठेवावी का? प्रश्न खरा आहे आणि त्याला आकड्यांनीच सामोरे जावे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. लातूरची लोकसंख्या पावणेचार ते चार लाखांच्या घरात धरली, तर २५ लाख लिटरच्या एका रेल्वेतून माणशी सहा-साडेसहा लिटर पाणी येत होते. म्हणजे एक टाकी म्हणजे आठ-नऊ माणसांचा त्या दिवसाचा वाटा. हा हिशेब डोळ्यांपुढे असला की दर आठवड्याला अर्धी टाकी मोरीत ओतून देणे किती जड आहे, ते वेगळे सांगावे लागत नाही.

२२/
आणि येथेच छाटणीचे मोल बदलते. टाकीतले पाणी बदलायचे ते मुख्यतः साचलेले नायट्रेट काढण्यासाठी. वनस्पती तेच नायट्रेट खाऊन पाने वाढवते. तुम्ही मूठभर हायड्रिला कापून बाहेर काढता तेव्हा त्या पानांत बांधला गेलेला नायट्रोजनही टाकीबाहेर जातो. मासे थोडे, हिरवळ दाट आणि छाटणी नियमित असेल तर पाणी बदलण्याची गरज खूपच कमी होते. बाष्पीभवनाने क्षार मात्र वाढत जातात, म्हणून ती गरज पूर्ण संपत नाही. जे थोडे पाणी काढावे लागते ते तुळशीला घालावे. दुष्काळी शहरात कात्री ही पाणी वाचवण्याचे साधन ठरते. गाळमुक्त धरणाचे तत्त्व ते हेच : साचलेले उचला आणि जेथे पोषक ठरेल तेथे न्या.

२३/
राहिला तिसरा प्रश्न, कापलेल्याचे करायचे काय? याचे उत्तर शोधायला नांदेडला गोदावरीच्या काठी चला. पात्र संथ असते तेव्हा घाटांजवळ जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. आपल्याकडे तिला केंदाळही म्हणतात. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची. जांभळ्या फुलांच्या मोहाने ती जगभर नेली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली. तेथे तिने नद्या, खाड्या, भातशेती इतकी व्यापली की १९३६ मध्ये बंगालला जलपर्णीविरोधी कायदाच करावा लागला. तिला पोसते काय? संथ पाणी आणि सांडपाण्यातला नायट्रोजन व फॉस्फरस. टाकीत जे पिवळ्या पानाने होते, ते नदीत शहराच्या नाल्यांनी होते.

२४/
कोणी म्हणेल, परदेशी वनस्पतीच तेवढ्या घातक. मग हा दाखला पाहा. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी आपली हायड्रिला श्रीलंकेहून मत्स्यटाकीची वनस्पती म्हणून अमेरिकेतील फ्लोरिडात गेली. तेथून ती उघड्या पाण्यात शिरली आणि १९६० मध्ये तेथील कालव्यात व नदीत वाढताना आढळली. पुढे तिने शेकडो तळी आणि जलमार्ग अडवले. १९८७ मध्ये तिला खाणारी एक बारीक माशी भारतीय उपखंडातून नेऊन फ्लोरिडात सोडली गेली. त्यांची शोभेची वनस्पती आपल्या गोदावरीत, आपली त्यांच्या कालव्यात. दोष वनस्पतीच्या जन्मगावाचा नाही. आणणाऱ्याने शोभा पाहिली, राखण्याचे काम पाहिले नाही.

२५/
हायड्रिलाच्या खोडाचा एक पेर असलेला तुकडाही पुन्हा रोप होऊ शकतो. टाकीत हे वरदान. म्हणूनच आपण शेंडे खोवून नवे रोप करतो. उघड्या पाण्यात हाच गुण आपत्ती ठरतो. नुसते कापून तुकडे तसेच पाण्यात सोडले तर प्रत्येक तुकडा नवी वसाहत करतो. म्हणजे छाटणी अर्धी कापण्यात असते आणि अर्धी गोळा करण्यात. मोठ्या तलावांसाठी आपल्याकडे १९५९ मध्ये गवत्या मासा परदेशातून आणला गेला. हायड्रिला हे त्याचे आवडते खाद्य. वॉरिंग्टनच्या गोगलगायीचा हा थोरला भाऊ. पण नदीत इतका मोठा कापणारा सोडण्याआधी, नदीत पोषण ओतणे थांबवणे अधिक शहाणपणाचे.

२६/
तेव्हा टाकी ठेवणाऱ्या मित्रांनी एवढे पाळावे. कापलेली वनस्पती गोदावरीत, मांजरेत, तेरणेत, गावतळ्यात किंवा नाल्यात टाकू नये, मोरीतही नाही. गच्चीवर कागदावर पसरावी. मराठवाड्याचे ऊन दोन दिवसांत तिला कोरडी करते. मग ती कुंडीच्या मातीत मिसळावी. नको झालेले मासे आणि गोगलगायीही उघड्या पाण्यात सोडू नयेत. दुकानदाराला किंवा दुसऱ्या छांदिष्टाला द्यावेत. दुकानातून नवी वनस्पती आणली की ‘फूल सुंदर’ याबरोबर ‘वाढते किती, पसरते कशी’ हेही विचारावे.

२७/
इतिहासाच्या पुस्तकात तळे बांधणाऱ्या राजाचे नाव येते. तळ्यातला गाळ आणि शेवाळ वर्षानुवर्षे उपसणाऱ्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. पण जगत्तुंगसमुद्र टिकला तो त्यांच्या हातांनी. बांधण्याचा इतिहास लिहिणे सोपे, कारण त्याला तिथी असते. राखण्याच्या इतिहासाला तिथी नसते. तो रोजचा असतो. म्हणूनच तो लिहायचा तर आपल्यालाच गावोगावी विचारत फिरावे लागेल.

२८/
तुमच्या गावात जुने तळे, बारव किंवा खंदक असेल तर त्याचे नाव आणि तालुका खाली लिहा. शक्य असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एवढेच सांगा : त्यातला गाळ शेवटचा कोणी काढला, आणि केव्हा? उत्तरे जमली की नांदेड-लातूरच्या तळ्यांचा स्वतंत्र धागा करू.